फक्कीचा खंदक

तेरमध्ये खड्डा खणायचा म्हणजे भानगडच. माती तशी मऊ, कुदळ सहज जाते, पण दोन हात खाली गेलं की काहीतरी निघतंच. कधी हातभर लांब विटा, कधी मणी, कधी मातीची बाहुली, कधी रांजणाचं अख्खं तोंड. फार जुन्या काळी इथं मोठं नांदतं शहर होतं, ते मातीखाली निजलंय. त्यावर साचलेल्या मातीच्या उंचवट्याला गावात पांढर म्हणतात, आणि आमची शाळा नेमकी पांढरीच्या काठावर. शाळेच्या भिंतीलगत सरकारी पाटी होती की परवानगीशिवाय इथं कुणी खणू नये. मुलं त्या पाटीला दप्तरं अडकवायची.

पासष्ट सालच्या भादव्यात पाकिस्तानशी युद्ध लागलं, आणि पाठोपाठ तालुक्याहून परिपत्रक आलं. विमानहल्ल्यापासून बचाव म्हणून प्रत्येक शाळेनं आठ दिवसांत मैदानात खंदक खणावा. सरळ नको, नागमोडी. सोबत नकाशा होता, लांबी-रुंदी-खोली भरायचा तक्ता होता, खाली गोल शिक्का होता.

आता तेरवर बॉम्ब टाकायला कोण येणार होतं, सांगा! तेरणा नदी, जोंधळ्याची रानं, धाराशिवला जाणारी एसटी आणि आमची चार खोल्यांची शाळा. एवढ्यासाठी कुणी विमानाचं तेल जाळील? पण हे तोंडानं बोलायची सोय नव्हती. त्या दिवसांत गावात जो तो सेनापती झाला होता. पंचायतीच्या रेडिओभोवती बसून माणसं तंबाखू मळता मळता लाहोर घेत होती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. मूळची तुळजापूरची, मास्तर-कारकुनांच्या घरातली. तेरमध्ये एक खोली भाड्यानं घेऊन राहायची आणि शाळेत शिकवायची. लग्न झालेलं नव्हतं, आणि माझी जीभ बघता ते होईल असं घरच्यांनाही वाटत नव्हतं. त्या जिभेला मी एक काम लावलं होतं. मी गोष्टी लिहायची. दोनचार छापूनही आल्या होत्या.

मला लिहायचं होतं ते युद्धावर, आणि तेही हसत. ह्याचं मूळ माझ्या धाकट्या काकांत आहे. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाच्या वेळी मी नऊ वर्षांची होते. रझाकारांच्या भीतीनं काका कडब्याच्या गंजीत लपले होते. भीती खोटी नव्हती, आसपासच्या गावांत माणसं मारली गेली होती. पण सैन्य आलं, पाच दिवसांत सगळं आटोपलं, लोकांनी गुलाल उधळला, आणि त्या आनंदात काकांना सांगायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. रोज भाकरी नेऊन देणाऱ्या काकूसुद्धा मिरवणूक बघायला गेल्या. दोन दिवसांनी काका भुकेनं कासावीस होऊन आपणच बाहेर आले. त्यांनी पहिलं विचारलं, "कोण जिंकलं?" आणि दुसरं विचारलं, "मला कुणी हाक कशी मारली नाही?"

पुढं मी धाराशिवच्या वाचनालयातून युद्धाच्या कादंबऱ्या आणून वाचू लागले, तर त्यांत काका कुठंच नाहीत. सगळे छाती पुढं काढून मरायचे. कुणाचं पोट बिघडायचं नाही, कुणाची वहाण हरवायची नाही, गंजीत कुणी विसरला जायचा नाही. मला संताप यायचा. मग दोनएक परदेशी कादंबऱ्यांचे अनुवाद हाती लागले. त्यांतले लेखक चक्क हसत होते. हुकमांवर, तक्त्यांवर, खुर्चीत बसून लढणाऱ्यांवर. वाचता वाचता मी एकटीच खोलीत खो खो हसले, आणि हसून झाल्यावर रडू आलं. तेव्हाच ठरवलं की आपण असं लिहायचं. कुणी काही म्हणो.

आणि देवानं विषय आणून दिला तो थेट शाळेच्या मैदानात.

आमचे हेडमास्तर निजामाच्या काळात नोकरीला लागलेले. उर्दूतून शिकलेले, अक्षर मोत्यासारखं, स्वभावानं गरीब आणि हुकमाला देवाहून जास्त भिणारे. त्यांनी नोकरीत पाच सरकारं बघितली होती. निजाम, मग लष्करी अंमल, मग हैदराबाद राज्य, मग मुंबई, मग महाराष्ट्र. ते म्हणायचे, "बाई, हुकूम कुणाचाही असो, तामील आमचीच." परिपत्रक आलं त्या दिवशीच त्यांनी दोन गडी बोलावले. पहिल्या तासाला खणायला सुरुवात झाली आणि दुसऱ्या तासाला मोठाल्या विटांची भिंत लागली. विटांच्या कडेला लाल-निळे मणी. मुलींनी पटापट वेचून माळा ओवायला घेतल्या.

हेडमास्तरांचं लक्ष पाटीकडं गेलं. चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी गडी थांबवले, मणी परत घेतले, खड्डा होता तसा बुजवून घेतला आणि ऑफिसात येऊन बसले. टेबलावर एका हाताला खणा म्हणणारा कागद, दुसऱ्या हाताला त्या पाटीबरोबर कधीकाळी आलेला, खणू नका म्हणणारा. दोन्हींवर शिक्का. त्या माणसाला घाम फुटला होता.

"आता काय करावं, बाई? हा मोडावा तर ते धरतील, तो मोडावा तर हे धरतील."

मला हसू आवरेना. मी म्हणाले, "मग फक्कीनं आखा की, सर! कबड्डीचं मैदान आखतो तसं. खंदक झाला, आणि मातीला धक्काही नाही."

मी थट्टा केली होती. शप्पथ सांगते, निव्वळ थट्टा. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "सुभानल्ला! बाई, तुम्ही माझी इभ्रत राखली."

दुपारी मैदानात दोरी ताणली गेली. नकाशाप्रमाणं नागमोडी, लांबी बरोबर, रुंदी बरोबर. दोरीवरून पांढरी फक्की ओतली. संध्याकाळपर्यंत सुरेख खंदक तयार झाला. तक्त्यात हेडमास्तरांनी मोत्यासारख्या अक्षरात माहिती भरली आणि खोलीच्या रकान्यात लिहिलं: परवानगी आल्यावर.

मग रोज सराव. शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. तो खणखणला की सगळ्या वर्गांनी पळत येऊन रेघांच्या आत पालथं पडायचं. जागा पुरायची नाही, मुलं एकमेकांवर पडायची. एकदा पहिलीतल्या एका चिमुरडीचे पाय रेघेच्या बाहेर राहिले. ती रडकुंडीला येऊन मला विचारते, "बाई, माझे पायच मेले का?" तालुक्याचे साहेब तपासणीला आले, त्यांनी टेपनं लांबी मोजली, रुंदी मोजली, खोलीचा रकाना वाचला, मान डोलावली आणि सही केली. जाताना फक्कीवर पाय पडू नये म्हणून चक्क उडी मारून पलीकडं गेले. आता ह्यावर गोष्ट लिहायची नाही तर कशावर लिहायची?

पण ह्यात आणखी एक माणूस होतं, आणि त्याच माणसासाठी हे सगळं आज सांगतेय.

शाळेत पाणी भरायला एक मावशी होत्या. पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, ताठ. घरचा मेंढरांचा धंदा, नवरा वारलेला. एकुलता मुलगा फौजेत, आणि तो ह्या युद्धात पंजाबच्या बाजूला होता. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाचं पत्र मी वाचायचं आणि उत्तरही मीच लिहायचं, असा दोन वर्षांचा रिवाज. त्यात त्यांचा एक नियम होता. पाकीट त्यांच्यासमोर फोडायचं आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचायचं. आधी मनात वाचायचं नाही. नवरा पुण्याच्या दवाखान्यात वारला, तेव्हा पत्र वाचणाऱ्यानं ते आधी मनात वाचलं आणि तोंडानं "तब्येत सुधारतेय" म्हणाला. मावशी चार दिवस खुशाल मेंढरं चारत राहिल्या. "तवापासनं म्या कुनाला मनात वाचू देत न्हाय," त्या म्हणायच्या. "जे आसंल ते दोगींनी एकदमच ऐकायचं."

पोळ्याच्या आसपास एक पत्र आलं होतं. त्यानंतर काही नाही. युद्ध लागलं, दिवस जाऊ लागले, मावशी रोज घागर उतरवायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. विचारायच्याही नाहीत. मी मान हलवायची. त्या परत घागर उचलायच्या.

फक्कीचा खंदक आखला त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, पोरगं तिकडं आशाच खड्ड्यात बसत आसंल व्हय?" मी म्हणाले, "असाच, पण खोल असतो." दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत आले तर रेघेच्या कोपऱ्यावर हळद-कुंकू वाहिलेलं. दोन फुलं. मावशी त्या रेघेवर कधी पाय द्यायच्या नाहीत, भरली घागर डोक्यावर असली तरी वळसा घालून जायच्या. पाऊस येऊन रेघ पुसट झाली की कुणी न सांगता स्वतः फक्की ओतायच्या. सराव असला की त्याही रेघांच्या आत उभ्या राहायच्या. उभ्याच. डोक्यावर घागर आणि डोळे मिटलेले.

मी हे सगळं बघितलं आणि मला वाटलं, वा, गोष्ट पुरी झाली.

चार दिवसांत लिहून काढली. हेडमास्तर होते, दोन परिपत्रकं होती, तालुक्याच्या साहेबांची उडी होती. आणि शेवटी पाणी भरणारी एक अडाणी म्हातारी होती, जी फक्कीच्या रेघेला कुंकू लावते आणि रेघेलाच विचारते की बाई गं, माझा लेक कसा आहे. फार हशा पिकेल असं लिहिलं होतं मी ते. स्वतःच वाचून हसले होते. गोष्ट सोलापूरच्या एका छोट्या दिवाळी अंकाला पाठवली.

तेवढ्यात युद्ध थांबलं. रेडिओनं सांगितलं, लोकांनी नारळ फोडले. मावशींचं पत्र मात्र आलं नाही.

नवरात्रात संपादकांचं कार्ड आलं. गोष्ट पसंत होती. ह्या वर्षी शौर्यकथांचा पूर आलाय, त्यात तुमची गोष्ट वेगळी, ताबडतोब छपाईला देतो, असं लिहिलं होतं. आणि खाली एक ओळ जास्तीची होती: "पाणी भरणाऱ्या म्हातारीचा प्रसंग सर्वांत खुमासदार. प्रेसमधले कंपोझिटरसुद्धा हसत होते."

ते कार्ड मी शाळेच्या ओसरीत उभी राहून वाचलं. समोर रांजणापाशी मावशी घागर ओतत होत्या. माझ्या हातात कार्ड बघून त्यांनी घागर तशीच अर्ध्यात धरली आणि पहिल्यांदा तोंडानं विचारलं, "आलं का वो?"

"नाही मावशी," मी म्हणाले, "हे माझं आहे."

मला लाज वाटली. सरळ सांगते, तोंड लपवावंसं वाटलं. सोलापुरात कुणी अनोळखी माणसं ह्या बाईला हसत होती, आणि ही इथं पोराच्या अक्षराची वाट बघत होती. पण लाजेबरोबर रागही होता. मी लिहिलं ते खोटं होतं का? कुंकू लावलं नव्हतं का त्यांनी? युद्धाच्या मूर्खपणावर हसायचं ठरवलं तर मग ज्याला त्याला वगळायचं का? दोन दिवस मी स्वतःशीच भांडत राहिले. शाळेतली मुलं उगीच मार खाऊन गेली.

त्यात हेडमास्तरांच्या कानावर गेलं की मी खंदकावर काही लिहिलंय. बोलावून म्हणाले, "परत मागवा ती गोष्ट. मला वर कळवावं लागेल."

"खुशाल कळवा," मी म्हणाले.

"नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे. पण तुमच्या सांगण्यावरून एक ओळ काढणार नाही."

आणि हे मी मनापासून म्हणाले. नोकरीची भीती मला त्या दिवशीही नव्हती. पण ऑफिसातून बाहेर पडता पडता कळलं की ह्यांना असं ठणकावून सांगणं सोपं आहे. अवघड आहे ते दुसरीकडं. तिथल्या तिथं ठरवून टाकलं. गोष्ट मावशींना वाचून दाखवायची, पहिल्या अक्षरापासून, काही न गाळता. त्या नको म्हणाल्या तर सोलापूरला तार करायची. हो म्हणाल्या तर मग ब्रह्मदेव आडवा आला तरी छापायची.

मधल्या सुट्टीत गोष्टीची कच्ची प्रत घेऊन त्यांना लिंबाखाली बसवलं. म्हणाले, "मावशी, मी एक गोष्ट लिहिलीय. आपल्या खंदकाची. तुम्हीही आहात त्यात. ऐका."

"म्या?" त्यांनी पदर सावरला. "वाचा की मंग."

मी वाचू लागले. हेडमास्तर दोन कागदांमधे घाम पुसत बसतात तिथं मावशी हसायला लागल्या. तालुक्याच्या साहेबांनी उडी मारली तिथं तर त्यांनी मांडीवर थाप मारली, डोळ्यांतून पाणी काढलं. "आगं बया! लई बेस लिवलंय, बाई." मला वाटलं, थांबावं इथंच. पण ठरवलं ते ठरवलं. मी पुढं वाचत गेले. म्हातारी आली, कुंकू आलं, रेघेशी बोलणं आलं.

मावशींचं हसू थांबलं. मी शेवटपर्यंत वाचलं आणि कागद खाली ठेवले. मग म्हणाल्या, "आशी दिसते व्हय म्या तुमास्नी?"

मी कागदांच्या कडा जुळवत बसले.

त्या उठल्या, घागर काखेला लावली, दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "कुकवाचं खरं हाय. लावलं म्या. त्येचं काय न्हाय. पन बाई, फक्कीनं आखा आसं तर तुमीच म्हनला व्हता. म्या रांजनापाशीच व्हते, ऐकलंय म्या. ह्यात तर मोटं गुर्जी म्हनत्यात आसं हाय. तुमी कुटं गेला वो?"

"मी..."

"सगळ्यास्नी हसायचं आन आपन तेवढं कडंला बसायचं, व्हय? ह्ये न्हाय बरं."

एवढं बोलून त्या विहिरीकडं गेल्या. मी लिंबाखाली बसून राहिले. घंटा झाली तरी उठले नाही. पंचवीस-तीस कादंबऱ्या वाचून जे मला कळलं नव्हतं ते एका वाक्यात माझ्या पदरात टाकून ती बाई पाणी आणायला गेली होती. गोष्ट लिहिताना ती ओळ हेडमास्तरांच्या तोंडी मी का घातली, मला पुरतं ठाऊक होतं. मला शहाणं राहायचं होतं. सगळे वेडे आणि मी तेवढी बघणारी.

त्याच दुपारी सोलापूरला कार्ड टाकलं: छपाई थांबवा, नवी प्रत पाठवतेय. आणि रोज शाळा सुटल्यावर वर्गात बसून पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागले. ह्या वेळी गोष्टीत एक जिभेची तिखट मास्तरीण आली. ती ऑफिसात उभी राहून थट्टा करते आणि थट्टेचा हुकूम होतो. तिला हसणं मला सोपं जात नव्हतं. स्वतःला चिमटा काढायचा म्हणजे बोटं जोर लावत नाहीत. मी पानं फाडली, परत लिहिली. मावशी खिडकीतून बघायच्या, विचारायच्या नाहीत. म्हातारीचा प्रसंग मात्र मला जमेना. ठेवावा तर लाज, काढावा तर खोटेपणा. ती जागा कोरीच सोडली.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी टपालवाला शाळेत आला. फौजेचं पाकीट होतं. वरचं अक्षर अनोळखी.

मुलाचं अक्षर मी ओळखायची. ठसठशीत, उजवीकडं कललेलं. हे बारीक, घाईचं, दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. वाटलं, एकदाच आत डोकवावं, फक्त पहिली ओळ. मावशी रांजणापासून चालत आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. त्यांनाही कळलं असावं. अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण मुलाचं पाकीट कसं दिसतं ते दोन वर्षांत पाठ झालं होतं.

"मनात न्हाय," त्या म्हणाल्या.

मी पाकीट फोडलं आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचलं. "तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र शेजारच्या खाटेवरच्या मित्राकडून लिहवून घेत आहे, कारण उजव्या हाताला पट्टी आहे. मी दवाखान्यात आहे. जिवाला धोका नाही."

मावशी मटकन खाली बसल्या. "फुडं," त्या म्हणाल्या. मी पुढं वाचलं.

पुढं काही ठिकाणी काळी शाई फासलेली होती. गावाचं नाव, नदीचं नाव फौजेनं खोडून टाकलं होतं. बाकी मजकूर तसाच होता, तो कुणाला महत्त्वाचा वाटला नसावा. त्यात त्यानं लिहिलं होतं: "आम्ही तिथं पोचलो तेव्हा साहेबांनी खंदक आखून दिले. पण फावडी मागच्या ट्रकात होती आणि तो ट्रक चुकून दुसऱ्याच गावाला गेला. हुकूम होता की खंदकातच राहायचं. म्हणून आम्ही फक्कीच्या रेघांच्या आत पालथे पडून राहिलो. तोफा सुरू झाल्या तरी रेघेच्या बाहेर कुणी गेलं नाही. माझ्या डावीकडचा बार्शीकडचा होता, तो गेला. माझा हात वाचेल असं डॉक्टर म्हणतात. फावडी दुसऱ्या दिवशी आली."

मी थांबले. मैदानातली मुलं ओरडत होती, आणि त्यांच्या पायांखाली आमची रेघ होती. मी ऑफिसात उभी राहून हसत हसत म्हणाले होते, फक्कीनं आखा. तिकडंही कुणीतरी असंच हसत म्हणालं असेल का? का गंभीर तोंडानं म्हणालं असेल? दोन्हींत मला फरक सापडेना.

"त्येवढंच परत वाचा," मावशी म्हणाल्या. "रेघंचं."

मी परत वाचलं.

"म्हंजी खड्डा नव्हताच?"

"नव्हता, मावशी."

"नुसती रेघ?"

"नुसती रेघ."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. मैदानाकडं बघत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मंग माजं कुकू बराबर जागी लागलं, बाई."

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि मोकळी रडले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. पोरगं त्यांचं, आणि समजूत त्या माझी काढत होत्या! थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता ल्ह्या तुमची गोष्ट. म्हातारी बी ऱ्हाऊ द्या. हसू द्या लोकास्नी. पन शेवटाला ह्ये त्येच्या पत्रातलं घाला. मंग बगू कोन हसतंय."

"त्याला त्रास नको व्हायला," मी म्हणाले.

"गावाचं नाव त्येंनीच खोडलंय. तुमी बी कुनाचं घालू नका."

मी कुणाचंच नाव घातलं नाही. कोऱ्या सोडलेल्या जागेत म्हातारी लिहिली, जशी होती तशी, आणि शेवटी पत्र. नवी प्रत हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि म्हणाले, "आधी तुम्ही वाचा, मग कुठं कळवायचं ते कळवा." त्यांनी सबंध वाचली. ह्या वेळी फक्कीची कल्पना कुणाची ते त्यात स्पष्ट होतं. पत्रापाशी आले आणि चष्मा काढून ठेवला. कुठंही कळवलं नाही. गोष्ट टपालात टाकायला माझ्याबरोबर एसटीच्या फाट्यापर्यंत स्वतः चालत आले.

संपादक मात्र नाराज झाले. लिहिलं की पहिली प्रत हसवणारी होती, ह्यात शेवटी घशात अडकतं, आणि ती मास्तरीण उगाच मधे येते. निदान पहिलं वाक्य तरी काढू द्या, त्यानं सगळी गंमतच जाते. मी उलट टपाली कळवलं की वाक्य काढायचं असेल तर गोष्टच परत करा. आठ दिवस काही उत्तर नाही. मी मनाची तयारी करून टाकली की छापली नाही तर हातानं नकला काढून वाटीन.

दिवाळीच्या आदल्या दिवशी अंक आला. गोष्ट एकदम मागच्या पानांत, औषधाच्या जाहिरातीशेजारी. मी लिंबाखाली मावशींना बसवलं, मनात वाचलं नाही, आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचायला घेतली. संपादकांनी पहिलं वाक्य तसंच ठेवलं होतं:

"फक्कीनं आखा, असं मीच म्हणाले होते."